जतन करण्याजोगी मोटारसायकल



नव्याचे नऊ दिवस ही म्हण मोटारसायकलीला जितकी लागू पडते तितकी दुसऱ्या वस्तूला क्वचितच पडत असेल. दुकानांतून बाहेर पडणारी प्रत्येक गाडी चकचकीत असते. पुढें हप्ते फिटतात, मुलें मोठीं होतात, नोकरीचें गांव बदलतें. आणि इतक्या सगळ्यांतून पंधरा वर्षांनीं देखील जी सकाळीं कुरकुर न करतां दारांतून निघते, अशी गाडी विरळा. ती कशी ओळखावी व ओळखल्यावर कशी सांभाळावी, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे. ज्या घरांत एकच वाहन असतें, ज्यावरून पहाटे दुधाच्या किटल्या जातात आणि दहा वाजतां शाळेंत मूल जातें, त्या घराच्या दृष्टीनें हा हौसेचा प्रश्न नव्हे, संसाराचा प्रश्न आहे.

बहुतेक माणसें गाडीची शक्ति आधीं विचारतात. माझ्या मतें पहिला प्रश्न निराळा असावा : या गाडीचे सुटे भाग दहा वर्षांनंतर कोठें मिळतील, आणि ते बसवणारा मिस्तरी किती कोसांवर असेल? यंत्राचें आयुष्य कारखान्यांत ठरतें त्याहून अधिक बाजारपेठेंत ठरतें.

इतिहासांत याचे दाखले आहेत. बुलेट ही मूळची इंग्लंडमधील रेडिच गांवची. १९५५ सालीं मद्रासेस एन्फील्ड इंडिया कंपनी निघाली व तेथें ही गाडी बनूं लागली. पुढें ब्रिटनमधील मूळ कंपनी बंद पडली, परंतु मद्रासची बुलेट चालतच राहिली, कारण तिचे भाग घडविणारे हात येथें तयार झाले होते. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची गोष्ट याहून बोलकी आहे. १९६१ पासून तेथें जावा व पुढें येझदी या गाड्या बनत. १९९६ सालीं तो कारखाना बंद झाला. तरीहि त्यांतील कित्येक गाड्या आज रस्त्यावर आहेत. मालकांनीं भाग शोधले, जपले, एकमेकांस पुरविले. पण त्यासाठीं वेळ, पैसा व हौस हीं तिन्ही लागतात. ज्याला रोज कामावर वेळेवर पोंचावयाचें आहे त्यानें हा मार्ग पूर्ण विचारानेंच धरावा.

उलट, १९९४ सालीं आलेली स्प्लेंडर पाहा. तिच्या इंजिनाची कुळी होंडाच्या १९५८ मधील कब गाडीपर्यंत जाते. दिसण्यांत ती साधी, वेगांत बेताची. पण तालुक्याच्या गांवींच काय, आठवड्याच्या बाजाराच्या गांवींहि तिची क्लचप्लेट मिळते व ती बदलणारा पोरगा झाडाखालीं बसलेला असतो. दीर्घकाळ टिकणारी गाडी बहुधा अशीच, कोणी मान वळवून न पाहण्याजोगी असते.

आतां वापरलेली गाडी पाहावयाची कशी? आपले पूर्वज घोडा घेतांना त्याचे दांत पाहत. गाडीचे दांत म्हणजे साखळीचीं चक्रें. ते आंकड्यासारखे वांकले असतील तर पूर्वीच्या मालकानें तेलाचा हात फिरविला नाहीं असें समजावें. गाडी पाहावयास जाल तेव्हां इंजिन थंड असूं द्या. आधींच तापवून ठेवलेलें इंजिन आपले दोष झांकतें. फोर-स्ट्रोक इंजिनाचा धूर निळसर असेल तर तें ऑइल जाळीत आहे. पुढचें चाक उचलून हँडल सावकाश फिरवा. मध्येंच अडकल्यासारखें वाटलें तर बेअरिंग झिजलें आहे. पुढच्या दांड्यांवर ऑइलचा ओघळ दिसूं नये. टायरच्या कडेवर चार आंकडे असतात. पहिले दोन आठवडा व पुढचे दोन वर्ष सांगतात. १५२३ म्हणजे २०२३ सालचा पंधरावा आठवडा. शेवटीं इंजिन व चॅसी यांचे क्रमांक आर.सी.शीं ताडून पाहावे, आणि कर्जाचा बोजा असेल तर बँकेचा दाखला हातीं आल्यावांचून पैसे देऊं नयेत.

जुन्या गाडीवर प्रेम करणाऱ्यांस एक कटु गोष्टहि सांगितली पाहिजे. २०२२ सालीं भारतांत रस्त्यावरील अपघातांत १,६८,४९१ माणसें दगावलीं, आणि त्यांतील शेंकडा ४४ हून अधिक दुचाकीवरचीं होतीं. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सी.सी.हून मोठ्या सर्व नव्या दुचाकींना ब्रेक दाबतांच चाक जाम होऊं न देणारी यंत्रणा सक्तीची झाली. ओल्या रस्त्यावर ती प्राण वांचवूं शकते, आणि जुन्या गाडींत ती नाहीं. जुन्या बुलेटचा गिअर तर उजव्या पायाला व ब्रेक डाव्या पायाला असे; घाईच्या क्षणीं संवयीचा पाय भलतेंच दाबील. आर.एक्स. १०० सारख्या टू-स्ट्रोक गाडीचा आवाज कितीहि गोड वाटो, पेट्रोलाबरोबर जळणाऱ्या ऑइलचा धूर मागच्या सायकलस्वाराच्या छातींत जातो. तेव्हां हौसेची गाडी रविवारीं काढावी आणि रोजच्या वाटेला ब्रेकनें भरंवशाची गाडी असावी.

२०२० च्या एप्रिलपासून नवे प्रदूषण-नियम आले आणि कार्बुरेटर जाऊन बहुतेक गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इंधनयंत्रणा आली. ती टिकत नाहीं असें नव्हे. परंतु बिघडली तर पान्यानें भागत नाहीं, तपासणीचें यंत्र लागतें. म्हणून नवी गाडी घेतांना कंपनीचें दुरुस्तीकेंद्र जवळ आहे काय हें पाहावें. पेट्रोलांतहि आतां इथेनॉल मिसळलेलें असतें. तें ओलावा शोषतें व जुन्या धाटणीच्या रबराला मानवत नाहीं. जुन्या गाडीच्या रबरी नळ्या वेळच्या वेळीं बदलाव्या. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचें नूतनीकरण होतें तें पांच-पांच वर्षांचें, आणि त्यासाठीं गाडी तपासून घ्यावी लागते. हा त्रास मानूं नये. वैद्यानें नाडी पाहावी तसें तें आहे.

दसऱ्याला आपण गाडी धुतों, झेंडूची माळ घालतों, कुंकू लावतों. ही प्रथा सुंदर आहे. परंतु वेळेवर बदललेलें ऑइल, साखळीला लावलेलें वंगण, टायरमधील मोजलेली हवा आणि एका छोट्या वहींत लिहून ठेवलेला दुरुस्तीचा हिशेब, ही पूजा वर्षभर चालली पाहिजे. गाडी उत्तम निवडून जो तिला विसरतो त्याच्यापेक्षां, मध्यम गाडी घेऊन जो तिची वही ठेवतो त्याची गाडी अधिक वर्षें धांवते. पुढें ती विकण्याचा प्रसंग आलाच, तर त्या वहीमुळें घेणाऱ्यालाहि नेमकी काय वस्तु मिळते आहे हें कळतें.