हा आळस नव्हे, मित्रहो!



ज्या भातसानगरात मी लहानाचा मोठा झालो, तेथेच चार शब्द बोलण्याची संधी मिळाली, याबद्दल संस्थेचा आभारी आहे. माझे वडील धरणाच्या कामावर होते. वसाहतीत मला 'धरसोड्या' म्हणत. दप्तर विसरणारा, परीक्षेचा फॉर्म दोनदा चुकविणारा आणि पुढे आसनगावची ठरलेली लोकल हुकविणारा तो मीच. एका कंपनीने याच कारणासाठी मला घरी बसविले. एकेचाळिसाव्या वर्षी मानसोपचारतज्ज्ञांनी सांगितले, "हा आळस नव्हे. यास एडीएचडी, म्हणजे अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणतात." हे ऐकून आई एवढेच म्हणाली, "मग तुला मारलेलं सगळं फुकटच गेलं की रे!"

हा विकार नवा नाही. लंडनचे डॉ. जॉर्ज स्टिल यांनी १९०२ साली आपल्या व्याख्यानांतून अशा मुलांचे वर्णन केले होते. वय वाढले की तो आपोआप जातो, असा समज पुढे पुष्कळ वर्षे होता. परंतु अनेकांच्या बाबतीत तो प्रौढपणीही राहतो. बाहेरची धावपळ कमी होते, मनातली थांबत नाही. काम कळते, करावेसे वाटते, पण सुरुवात होत नाही. वेळेचा अंदाज चुकतो. हा विकार बव्हंशी आनुवंशिक असतो. त्याची लक्षणे बालपणीच सुरू झालेली असतात. म्हणून निदान तज्ज्ञांनीच करावयाचे असते. औषधे आहेत, तीही त्यांच्याच सल्ल्याने घ्यावयाची असतात.

मग एकत्र येण्याची गरज काय? १९३५ साली अमेरिकेत दारूने गांजलेली दोन माणसे एकमेकांशी मोकळेपणी बोलली आणि त्यातून 'अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस' उभी राहिली. पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी १९८६ साली सुरू केलेल्या 'मुक्तांगण'मध्ये व्यसनी माणसांच्या पत्नींचाही 'सहचरी' हा गट झाला. विकार वेगळे असले तरी तत्त्व एकच: ज्याने सोसले, त्याच्यापुढे लाज वाटत नाही.

याच विचाराने आम्ही शहापूर, मुरबाड व कल्याणकडील सात जणांनी मोबाइलवर गट केला. सकाळी प्रत्येकाने दिवसाचे एकच काम लिहावयाचे. रात्री नऊ वाजता अर्धा तास व्हिडिओ कॉलवर सर्वांनी गप्प बसून आपापले अडलेले काम करावयाचे. कोणी वीजबिल भरतो, कोणी अर्ज लिहितो. समोर कोणी बसले आहे एवढ्यानेच हात चालतो, हा आमचा रोजचा अनुभव आहे. आमचे नियम तीन. इथले नाव बाहेर जाणार नाही. कोणी कोणास गोळी सुचविणार नाही. कोणी जीव देण्याची भाषा केली, तर त्यास एकटे न सोडता घरच्यांना कळवावयाचे आणि शासनाने २०२२ साली सुरू केलेल्या टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकावर बोलते करावयाचे.

अडचणीही आहेत. घाटाखालच्या पाड्यांत मोबाइलला रेंज मिळत नाही. दिव्यांग हक्क कायदा २०१६ मधील २१ प्रकारांत आमच्या विकाराचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे कचेरीत कागद दाखवून सवलत मागता येत नाही. एकमेकांचा आधार म्हणूनच अधिक मोलाचा.

संस्थेस माझी एकच विनंती आहे. महिन्यातून एका रविवारी दोन तास हे सभागृह आम्हांस द्यावे. ज्याच्याकडे मोबाइल नाही, तोही येईल. विद्यार्थी मित्रहो, घरात एखादा भाऊ वा काका 'बेजबाबदार' म्हणून बोलणी खात असेल, तर त्यास टोमणा मारण्याआधी एकदा जवळ बसून विचारा. कदाचित त्यास तसे विचारणारे तुम्ही पहिलेच असाल.

आज मी वेळेवर आलो, कारण गटातील तिघांनी सकाळपासून मला आठवण केली. एवढे सांगून आपली रजा घेतो.