माथेरानचे वाफेचे इंजिन आणि वर्गातील प्रतिकृती



नेरळ स्थानकात मोठ्या गाडीतून उतरणाऱ्या प्रवाशाला शेजारीच अवघ्या दोन फूट, म्हणजे ६१० मिलिमीटर, रुंदीचा दुसरा रूळमार्ग दिसतो. मुंबई-पुणे मार्गाचे रूळ १६७६ मिलिमीटर अंतरावर आहेत. नवख्या माणसाला वाटते, हे खेळण्यातलेच आगगाडीचे रूप. वस्तुतः ती खेळण्यातली गाडी नव्हे. सुमारे २१ किलोमीटरांच्या वाटेत सुमारे ७५० मीटर उंची चढून जाणारी ती खरी आगगाडी आहे, आणि पाऊण शतक ती वाफेवर चालली. कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील शाळांना निसर्गाने व इतिहासाने एवढा मोठा पाठ दाराशी आणून ठेवला आहे. प्रश्न एवढाच की तो पाठ वर्गात शिरतो की दाराशीच तिष्ठत राहतो.

शालेय प्रदर्शनांत आगगाडीची प्रतिकृती बहुधा असतेच. पुठ्ठ्याचे डबे, रंगीत कागद, धुराड्यातून कापसाचा धूर. पाहुणे कौतुक करतात, बक्षीसही मिळते. परंतु शेजारी उभ्या असलेल्या मुलाला कोणी विचारले, ‘बाळ, हे चाक कशाने फिरते?’ तर ते पालकांच्या तोंडाकडे पाहू लागते. कारण प्रतिकृती पालकांनी केलेली असते. उलट एखाद्या वाडीवरचे कातकरी वा ठाकर समाजाचे मूल, जे करवंदे घेऊन गाडीच्या वाटेवर रोज उभे राहते, त्याला गाडी कोठे मंदावते, कोणत्या वळणावर चाके किंचाळतात, पावसात कोणता उतार घसरतो, हे ठाऊक असते. त्याची गणना मात्र वर्गात ‘मागे पडलेल्या’ मुलांत होते. जाणणारे मूल गप्प बसते आणि न जाणणारे बक्षीस घेते, ही स्थिती पालटणे हे शिक्षकाच्याच हाती आहे.

प्रतिकृती म्हणजे शोभेची वस्तू नव्हे, ह्याला इतिहासाची भक्कम साक्ष आहे. १७६३-६४ साली ग्लासगो विद्यापीठात न्यूकोमेनच्या वाफयंत्राची एक लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी जेम्स वॅट नावाच्या तरुण कारागिराकडे आली. ती दुरुस्त झाली तरी थोडेसे फेर घेऊन थांबे. बाष्पकात वाफ पुरत नसे. मोठे यंत्र चालते, मग त्याचेच लहान रूप का चालू नये? वॅटने ह्या प्रश्नाचा पिच्छा पुरवला. प्रत्येक फेऱ्यात थंड पाणी मारून वाफ निववताना नळकांड्याच्या भिंतीही थंड होत, आणि पुढच्या वेळी आलेली बरीचशी वाफ त्या भिंती तापवण्यातच खर्ची पडे. लहान यंत्रात भिंतींचे क्षेत्र आतल्या जागेच्या मानाने जास्त, म्हणून तोटाही जास्त. ह्यातूनच वाफ वेगळ्या भांड्यात निववण्याची कल्पना त्याला १७६५ साली सुचली व १७६९ साली त्याने तिचा हक्क नोंदवला. एक न चालणारी प्रतिकृती जगातल्या एका मोठ्या शोधाचे निमित्त ठरली. आपल्या वर्गातील प्रतिकृती चालली नाही तर शिक्षकाने खट्टू होऊ नये. ‘का चालली नाही?’ हा प्रश्न फळ्यावर लिहावा.

हाच हिशेब वरच्या इयत्तांना गणित म्हणून देता येतो. मूळ वस्तूच्या एकदशांश लांबीची प्रतिकृती केली तर तिचे पृष्ठफळ एकशतांश होते आणि घनफळ एकसहस्रांश. म्हणजे पाण्याच्या प्रत्येक थेंबामागे उष्णता निसटून जाण्यास दसपट जागा. चौरस व घन ह्यांचा हा फरक पाठ करून घेण्यापेक्षा वीतभर इंजिनावरून समजला तर आयुष्यभर विसरत नाही.

वॅटचे यंत्र एका जागी उभे होते. रुळांवरून धावणारे वाफेचे इंजिन रिचर्ड ट्रेव्हिथिकने १८०४ साली वेल्समध्ये चालवून दाखवले. त्याआधी त्यानेही लहान चालत्या प्रतिकृती करून पाहिल्या होत्या. १८२९ साली जॉर्ज व रॉबर्ट स्टीफन्सन ह्या पितापुत्रांच्या ‘रॉकेट’ इंजिनाने स्पर्धा जिंकली. त्याच्या बाष्पकात पाण्यामधून पुष्कळ बारीक नळ्या गेल्या होत्या; त्यांतून विस्तवाचा तप्त वायू जाई आणि पाणी लवकर उकळे. त्यानंतर २४ वर्षांनी, १६ एप्रिल १८५३ रोजी, बोरीबंदराहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी निघाली. १८५६ साली रूळ कल्याणवरून खोपोलीपर्यंत आले. आज खालापूर तालुक्यातील मुले ज्या खोपोली स्थानकावर जातात, तेथे तेव्हा आगगाडीची वाट संपे आणि समोर सह्याद्रीची भिंत उभी असे. पलीकडे खंडाळा ते पुणे मार्ग १८५८ साली सुरू झाला; मधला घाट प्रवाशाला पालखीने, बैलगाडीने वा पायी ओलांडावा लागे. बोरघाटाचा मार्ग १८६३ साली पुरा झाला. त्यात २५ बोगदे असून चढ ३७ त १ पर्यंत होता. कामाच्या ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर तेथे राबत होते आणि पटकीसारख्या रोगांनी त्यांतील कित्येकांचे बळी घेतले. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच थोड्याच काळात मरण पावले व त्यांची पत्नी अ‍ॅलिस ह्यांनी कंत्राट पुढे चालवले. इतिहास शिकवताना इंजिनांची नावे सांगावीत, परंतु सुरुंग लावणारे आणि दगड वाहणारे हात विसरू नयेत. त्यांची नावे कोणत्याही शिळेवर नाहीत.

माथेरानची कथा ह्याच्या पुढची. ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० साली ह्या डोंगरावर चढले आणि तेथे थंड हवेचे ठिकाण वसू लागले. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय ह्यांचे चिरंजीव अब्दुल हुसेन ह्यांनी नेरळहून वर रेल्वे नेण्याचे मनावर घेतले. पित्याने त्यासाठी पैसा पुरवला. १९०४ साली काम सुरू झाले, सुमारे १६ लाख रुपये खर्च आला आणि मार्च १९०७ मध्ये मार्ग खुला झाला.

ह्या मार्गाचा चढ २० त १ पर्यंत आहे. वर्गात हे दाखवणे सोपे आहे. एक मीटर लांबीची फळी घ्यावी. तिचे एक टोक ५ सेंटिमीटर उचलले की माथेरानचा चढ झाला, २.७ सेंटिमीटर उचलले की बोरघाटाचा. डोळ्यांना फरक थोडा दिसतो, इंजिनाला तो जवळजवळ दुप्पट जाणवतो. निलगिरीच्या रेल्वेत चढ १२ त १ पर्यंत असल्याने तेथे दातेरी रूळ बसवावा लागला. माथेरानला दाते नाहीत. गुळगुळीत लोखंडावर गुळगुळीत लोखंडाची पकड, एवढ्याच बळावर गाडी चढते. म्हणूनच चढ कमी ठेवण्यासाठी वाट डोंगराभोवती वळसे घेत गेली, आणि वळसे आले म्हणजे दुसरी अडचण आली.

ती अडचण अंगणात समजावता येते. खुंटीला एक मीटर दोरी बांधून खडूने एक कंस काढावा. २० सेंटिमीटर लांबीची पट्टी अशी ठेवावी की तिची दोन्ही टोके कंसावर येतील. मधोमध पट्टी आणि कंस ह्यांत ५ मिलिमीटर अंतर पडते. आता ४० सेंटिमीटरची पट्टी ठेवावी. अंतर २० मिलिमीटर, म्हणजे चौपट होते. इंजिनाच्या एका बाजूस एकामागे एक तीन चाके ताठ आसांवर बसवली तर त्यांचीही हीच गत होते: टोकाची चाके रुळावर धरली तर मधले चाक रूळ सोडू पाहते. चाके जवळजवळ आणावीत तर इंजिन लहान व दुबळे होते. दूर न्यावीत तर वळणावर अडते.

बर्लिनच्या ओरेनस्टाइन अँड कोप्पेल ह्या कारखान्याने माथेरानसाठी जी चार इंजिने बांधली, त्यांत ह्यावर क्लीन-लिंडनर पद्धतीची युक्ती होती. टोकाच्या आसांवर एक पोकळ आस नळीसारखा चढवलेला असे. आतला आस चौकटीत ताठ फिरे. चाके मात्र बाहेरच्या पोकळ आसावर असत, आणि दोहोंचा सांधा मध्यभागी गोलकासारखा असल्याने बाहेरचा आस वळणाप्रमाणे किंचित तिरका होऊ शके. शक्ती आतून मिळे, वळण्याची मोकळीक बाहेरून. माणसाच्या खांद्याचा सांधाही गोलकाचाच. हात सर्व बाजूंना वळतो आणि तरी खांद्यापासून सुटत नाही. मुलांना हे उदाहरण तत्काळ पटते.

आता ‘झुकझुक’ ह्या शब्दाकडे यावे. तो केवळ बालगीतांचा शब्द नव्हे. त्यात यंत्रशास्त्र आहे. इंजिनाला दोन बाजूंस दोन नळकांडी असतात. प्रत्येक नळकांड्यात वाफ दट्ट्याला आळीपाळीने पुढून व मागून ढकलते. काम झालेली वाफ प्रत्येक वेळी धुराड्यातून फुत्कारत बाहेर पडते. म्हणून चाकाच्या एका पूर्ण फेऱ्यात चार फुत्कार होतात. त्या फुत्काराबरोबर भट्टीतील हवाही ओढली जाते व विस्तव फुलतो. अर्थात ही वाफ परत येत नाही, म्हणूनच इंजिनाला वाटेत पुन्हा पाणी घ्यावे लागे. माथेरानच्या वाटेवरील एका स्थानकाचे ‘वॉटर पाईप’ हे नाव आजही ती आठवण सांगते.

दोन नळकांडी कशासाठी, हे रिकाम्या काडीपेटीने दाखवावे. पेटीचे बाहेरचे आवरण म्हणजे नळकांडे, आतला खण म्हणजे दट्ट्या. खणाला टाचणीने एक काडी जोडावी व काडीचे दुसरे टोक पुठ्ठ्याच्या चकतीवर कडेला टाचावे. खण मागेपुढे सरकवला की चकती फिरते. परंतु दोन जागी ती अडते: काडी आणि चकतीचा मध्य एका रेषेत आले की कितीही ढकलले तरी चकती हलत नाही. शिंप्याचे पायाने चालवायचे यंत्र असेच अडते, तेव्हा तो वरच्या चाकाला हाताने झोका देतो. इंजिनाला असा हात कोण देणार? म्हणून एका बाजूची जोडणी दुसरीशी काटकोनात ठेवतात. एक अडते तेव्हा दुसरी पूर्ण जोराने ढकलते.

येथे एक गोष्ट आग्रहाने सांगणे अवश्य आहे. उत्साहाच्या भरात कोणीही बंद डब्यात पाणी घालून तो चुलीवर ठेवू नये. पाण्याची वाफ होताना तिला सुमारे १६०० पट जागा लागते. ती मिळाली नाही तर डबा फुटतो आणि उकळते पाणी मुलांच्या तोंडावर येते. खऱ्या इंजिनावर ह्यासाठी आपोआप उघडणारी झडप असते, शिवाय पाणी फार खाली गेल्यास वितळणारी मऊ धातूची गुडदी असते. घरच्या प्रेशर कुकरला हीच दोन साधने आहेत. ती मुलांना कुकर थंड असतानाच दाखवावीत. वाफेचे सामर्थ्य समजावण्यास एवढे पुरेसे आहे. हालचाल समजावण्यास काडीपेटी पुरेशी आहे. एका मुलाचा डोळा जाऊन मिळालेले ज्ञान हे ज्ञान नव्हे.

१९५० च्या दशकाच्या मध्यापासून माथेरानला डिझेल इंजिने आली व १९८० च्या दशकाच्या आरंभी वाफेची नेहमीची सेवा संपली. जुन्या चार इंजिनांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक इंग्लंडला गेले, आणि नेरळला स्थानकाशेजारी मांडलेले जुने इंजिन येणाऱ्याजाणाऱ्यांना पाहता येते. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीने मार्ग वाहून गेला. तो २००७ साली, आपल्या शताब्दीच्या वर्षी, पुन्हा सुरू झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा तडाखा दिला आणि नेरळहून गाडी सुटण्यास ऑक्टोबर २०२२ उजाडला. डोंगर आपला हक्क सोडत नाही, आणि माणसे पुन्हा पुन्हा रूळ सांधतात. हाही एक पाठच आहे.

पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी ह्यांच्या परिश्रमातून उभे राहिलेले लहान आगगाड्यांचे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. शाळेला सहल जमली तर उत्तम. न जमल्यास नेरळचे इंजिन आहेच. तेथे मुलांना रांगेने नेऊन छायाचित्र काढून परत आणू नये. त्यांना दोरी व पट्टी द्यावी. चाकांचा व्यास मोजू द्यावा, एका फेऱ्यात इंजिन किती पुढे जाईल ते काढू द्यावे, २१ किलोमीटरांत चाक किती वेळा फिरेल आणि त्यात किती ‘झुक’ होतील ह्याचा गुणाकार करू द्यावा. आणि घाटाची वाट कोठे वळते, कोठे चढते, हे ज्याला ठाऊक आहे त्या वाडीवरच्या मुलाला पुढे उभे करून सांगू द्यावे.

त्या दिवशी ते मूल प्रथमच वर्गाचा शिक्षक होईल. मग शाळेत जी प्रतिकृती बनेल ती कदाचित ओबडधोबड असेल, धुराड्याला कापूसही नसेल. परंतु पाहुण्यांनी ‘हे चाक कशाने फिरते?’ असे विचारताच कोणीही पालकांच्या तोंडाकडे पाहणार नाही.