पोटाचा उद्योग आणि देवाची सेवा

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज कलश चढला. कुजलेले वासे आणि फुटकी कौले जाऊन पक्के छप्पर आले, सभामंडपाला फरशी झाली, देणगीदारांची नावे दगडावर कोरली गेली. हे सर्व योग्यच झाले. मात्र ज्या हातांनी चढणीवरून विटा-वाळू वाहिली, त्यांतले बरेच हात आज या मंडपात नाहीत. दिवाळी सरली आणि ती कुटुंबे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर गेली, होळीला परततील. आजचा विषय त्यांच्यापासूनच सुरू होतो.

जव्हार-मोखाड्यात आता पाड्यापाड्यांवर दहावी-बारावी झालेली मुले आहेत. त्यांत काही माळ घातलेली, त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या यात्रेला पायी जाणारीही आहेत. ती वडीलधाऱ्यांना एक प्रश्न विचारतात : असा कोणता कामधंदा धरावा, की पोटही भरेल आणि देवासमोर उभे राहताना मान खाली जाणार नाही? वडीलधारी मंडळी बहुधा एकच उत्तर देतात : सरकारी नोकरी बघ. उत्तर वाईट नाही; पगार वेळेवर येतो. पण मुलाने विचारले एक आणि उत्तर मिळाले दुसऱ्याच प्रश्नाचे.

जुन्या माणसांना हा प्रश्न फारसा पडत नसे, कारण त्यांच्या घरी काम आणि देव यांची वाटणी झालेली नव्हती. वारल्यांच्या घरात धान्य म्हणजे कणसरी देवी. दाणा हाच देव म्हटल्यावर उतारावर वाकून नागलीची लावणी करणारा माणूस वेगळी पूजा ती काय करणार? तारप्याचेही तसेच. दुधी भोपळा, बांबू, ताडाचे पान आणि मेण एवढ्यावर ते वाद्य उभे राहते आणि त्याच्याभोवती सारा पाडा फेर धरतो. आपल्या जव्हार तालुक्यातील वाळवंड्याचे भिकल्या लाडक्या धिंडा यांनी हयात या वाद्यात घातली; २०२६ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. तारपा वाजवून कोणाची चूल पेटत नाही, त्यासाठी शेती-मजुरी करावीच लागते, हे या भागात कोणाला सांगायला नको. तरी फुंकर थांबली नाही.

आता एक उदाहरण डहाणूच्या बाजूचे. २०१४ साली पालघर जिल्हा झाला, त्यापूर्वी ठाणे जिल्ह्यात ते आणि आपण एकत्रच होतो. अनुताई वाघ यांचा जन्म १९१० सालचा, पुणे जिल्ह्यातील मोरगावचा. बालपणीच लग्न झाले आणि बालपणीच वैधव्य आले. त्या काळी अशा मुलीचे आयुष्य स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात संपत असे. अनुताई व्हर्नाक्युलर फायनल झाल्या, नाशिक जिल्ह्यात चांदवडला शिक्षिका झाल्या, पुढे पुण्याला हुजूरपागेत लागल्या. दिवसा मुलींना शिकवायचे आणि रात्रशाळेत स्वतः शिकायचे, असे करून १९३७ साली मॅट्रिक झाल्या. पदवी तर १९६१ साली घेतली, म्हणजे वयाच्या एक्कावन्नाव्या वर्षी. मॅट्रिकला शिक्षण थांबले म्हणून जन्मभर हळहळणाऱ्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा.

पुण्यातील नामांकित शाळेतली कायमची नोकरी. यापेक्षा एका विधवा बाईला त्या काळी आणखी काय हवे होते? पण १९४५ साली ताराबाई मोडक यांची गाठ पडली. ताराबाई स्वतः राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजचे प्राचार्यपद सोडून भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या बालमंदिरात गेलेल्या. त्यांना खेड्यातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे करायचे होते. अनुताई त्यांच्याबरोबर बोर्डीला गेल्या, आणि १९५७ साली ते काम कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांत गेले.

तेथे मुले शाळेत येईनात. कशी येणार? कोणी धाकटे भावंड कडेवर घेतलेले, कोणी गुरांमागे गेलेले. तेव्हा या बायांनी शाळाच उचलून मुलांच्या दारात नेली. घराच्या अंगणात बालवाडी भरू लागली. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. गुरे चरताहेत आणि शेजारी पाढे चालले आहेत! महागड्या साहित्याऐवजी बिया, खडे, शिंपले आले. आधी मुलांना धुवायचे, पुसायचे, केस विंचरायचे, मग अक्षर. पुढे केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा ‘अंगणवाडी’ हा शब्द सर्व देशभर गेला. त्याची मुळे आपल्या शेजारच्या तालुक्यातील शेणाने सारवलेल्या अंगणात आहेत. ताराबाईंना १९६२ साली पद्मभूषण मिळाले, अनुताईंना १९८५ साली पद्मश्री. १९९२ साली अनुताई गेल्या.

त्याच १९९२ साली आपल्या जव्हार तालुक्यात वावर-वांगणीला कुपोषणाने बालके दगावली. साऱ्या राज्याला त्या वेळी जव्हारचे नाव कळले, आणि ते अशा कारणाने कळले.

अनुताईंच्या गोष्टीतील एक बारकावा पाहण्यासारखा आहे. त्यांनी धंदा बदललाच नाही. हुजूरपागेत त्या शिकवीत होत्या, कोसबाडलाही शिकवीतच होत्या. बदलली ती जागा. आता कोणी म्हणेल, त्या एकट्या होत्या, मागे पोरेबाळे नव्हती. खरे आहे. घरात सहा तोंडे खाणारी असताना नोकरीवर लाथ मारून टेकडीवर जाऊन बसणे, याला सेवा म्हणता येणार नाही. बायको तर मुळीच म्हणणार नाही. अशा माणसाला जागा बदलता येत नसेल, पण त्याच जागी बसून बरेच काही बदलता येते. कचेरीतले टेबल घ्या. मोखाड्याच्या टोकाचा बाप मुलीच्या जातीच्या दाखल्यासाठी एस.टी.चे भाडे खर्चून येतो. ‘उद्या या’ हे दोन शब्द बोलायला काही लागत नाही. पण त्या उद्यात त्याची मजुरी बुडते, आणि तिसऱ्या उद्यात मुलीच्या प्रवेशाची मुदत टळते. तोच कागद त्याच दिवशी सहीला गेला, तर कोणी हार घालीत नाही. मुलगी मात्र कॉलेजात बसते. गवंडी असो, शिक्षक असो की दुकानदार, प्रत्येकाजवळ असा एक ‘उद्या या’ असतोच.

अंगणवाडीच्या ताईंविषयीही बोलले पाहिजे. त्यांना मिळते ते मानधन. वजन त्याच करतात, पोषण आहार त्याच देतात, नोंदवह्याही त्याच भरतात. कामाला सेवा म्हणायचे आणि सेवा म्हटले म्हणून हातावर कमी टेकवायचे, हा न्याय नव्हे. मंदिरात समई लावतानासुद्धा तेल आधी घालावे लागते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती या नव्या फरशीचीच आहे. आपल्या पाड्यावरची अंगणवाडी पावसात गळते. जूनपासून दसऱ्यापर्यंत सकाळी दहा ते दुपारपर्यंत ती या सभामंडपात भरू द्यावी, अशी सूचना आली आहे. फरशी खराब होईल, सोवळेओवळे राहणार नाही, असे काही ज्येष्ठांचे म्हणणे आहे. ते म्हणणेही रागाने बाजूला सारू नये; पै पै जमवून त्यांनी हे मंदिर उभे केले आहे. मुले खीर सांडतील, हेही खरेच. काही माऊल्यांनी रोज दुपारी पाळीपाळीने मंडप धुऊन देण्याचे कबूल केले असून अकरा नावे आलीही आहेत. देणगीदारांपैकी कोणाला काही सुचवायचे असेल, तर त्यांनी निघण्यापूर्वी पंचांना सांगावे. समितीची बैठक शनिवारी रात्री आरतीनंतर याच ठिकाणी आहे, आणि अंगणवाडीच्या ताईंनाही निरोप गेला आहे.