संध्याकाळ कुणाची?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला बोलायला सांगितलंय ते घरच्या घरी लघुपट दाखवण्याबद्दल. प्रोजेक्टर कुठला, वायर कुठली, हेही सांगेन. पण ते दोन मिनिटांत संपतं. वेळ लागतो तो दुसऱ्याच गोष्टींना.

आपल्या चळवळीला माध्यमं नवी नाहीत. पथनाट्यं केली, गाणी केली, पोस्टर प्रदर्शनं खांद्यावर वाहिली. ज्योती म्हापसेकरांचं ‘मुलगी झाली हो’ १९८३ साली आलं आणि गावोगाव पोचलं. त्याच काळात काही जणी चित्रपट करत होत्या, हे मात्र आपल्यातल्या बऱ्याच जणींना ठाऊक नसतं. १९८० साली बंगलोरला ‘युगांतर’ हा गट सुरू झाला. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि कॅमेऱ्यामागे नवरोज काँट्रॅक्टर. त्यांनी पुण्याच्या घरकामगार बायकांबरोबर ‘मोलकरीण’ केला, १९८१ साली. निपाणीच्या तंबाखू कामगार बायकांबरोबर १९८२ साली ‘तंबाकू चाकिला ऊब आली’ केला. १९८३ साली हैदराबादच्या स्त्री शक्ती संघटनेबरोबर घरातल्या हिंसेवर ‘इदी कथा मात्रमेना’ केला. त्याचा अर्थ, ‘ही फक्त गोष्ट आहे का?’ एकेक चित्रपट साधारण अर्ध्या तासाच्या आतला. बायकांवर केलेले नव्हे, बायकांबरोबर बसून केलेले. आता ते डिजिटल रूपात जतन झाले आहेत.

यातले ‘मोलकरीण’ आणि ‘इदी कथा’ माझ्या मैत्रिणीच्या घरी दाखवायचे असं आम्ही दोघींनी ठरवलं. ती बँकेत नोकरी करते, पुण्यात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये राहते. हॉल का नको? हॉलला भाडं लागतं, हे एक. दुसरं म्हणजे हॉलमध्ये बाई प्रेक्षक असते. घरात ती कुणाची तरी शेजारीण, सून, मालकीण नाहीतर कामवाली असते. ‘मोलकरीण’ ज्या जागेबद्दल बोलतो, त्याच जागेत तो बघायचा होता.

पहिला प्रश्न वेळेचा. मैत्रीण म्हणाली, रविवारी सात वाजता. वस्तीतल्या घरकामगार बायकांना विचारलं तर त्या हसल्या. रविवारी मालकिणींकडे पाहुणे, म्हणजे भांडी दुप्पट. सातला स्वतःच्या चुली पेटायच्या. नोकरदार मैत्रिणींना विचारलं तर त्यांचीही तीच गत; आठला ताटं वाढायची. आपण सहज ‘एक संध्याकाळ’ म्हणतो, पण बाईची संध्याकाळ तिची नसतेच. ती आधी कुणाकडून तरी सोडवून घ्यावी लागते. शेवटी शनिवार, सहा ते आठ ठरलं. मैत्रिणीने तिच्या बाईंना त्या संध्याकाळची भरपगारी सुट्टी दिली. प्रत्येकीने घरी एकच वाक्य सांगायचं ठरलं, ‘आज मी सिनेमाला चाललेय, जेवणाचं तुम्ही बघा.’ कुणाच्या घरी हे वाक्य चाललं, कुणाच्या घरी त्यावरून वाजलं. चित्रपट सुरू होण्याआधीच आमच्या चर्चेला विषय मिळाला.

चौदा जणी जमल्या. सहा घरकामगार, बाकीच्या नोकरदार नाहीतर गृहिणी. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात गटकार्य शिकवताना ‘गोलात बसा’ असं सांगतात. पण खुर्चीवर कोण आणि खाली कोण, हे शतकानुशतकं ठरलेलं असतं. ‘बसा’ म्हटल्यावर घरकामगार बाया आपोआप दाराशी टेकतात. म्हणून सगळ्यांनाच सतरंजी घातली. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना खुर्च्या, मग ती कुणी का असेना. दोन खुर्च्यांवर दोन घरकामगार बसल्या. फरशी पुसून पुसून गुडघे त्यांचेच गेले होते.

चहा आधीच. मध्ये चहा ठेवला की एक बाई स्वयंपाकघरात अडकते आणि तिचा चित्रपट बुडतो. आपला कप आपणच विसळायचा.

‘मोलकरीण’ मराठीतच आहे. ‘इदी कथा’ तेलुगू, खाली इंग्रजी अक्षरं. ती वाचणाऱ्या तिघी-चौघीच. मैत्रिणीने आठवडाभर आधी बसून सगळे संवाद मराठीत वहीत उतरवले होते, ते तिने पडद्याशेजारी बसून वाचले. ही मेहनत टाळू नका. पडदा म्हणजे पांढरी चादर, प्रोजेक्टर ओळखीतून आणलेला. आवाजासाठी मात्र वेगळा स्पीकर हवाच.

‘मोलकरीण’ संपला तेव्हा कुणी बोलेना. मग मैत्रिणीच्याच बाईंनी विचारलं, “ताई, चाळीस वर्षं झाली म्हणता ना ह्याला? मग खाडे अजून कसे कापतात?” प्रश्न सगळ्यांना होता, पण उत्तर द्यायला मालकिणीही समोरच होत्या. त्याच मजल्यावरच्या एक बाई म्हणाल्या, “आम्हाला सिनेमाला बोलावलं होतं की सभेला?” आणि उठून गेल्या. बाकीच्या बसल्या. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. आमच्या सहा जणींपैकी नोंदणी दोघींचीच होती, आणि मालकिणींपैकी एकीनेही हा कायदा ऐकला नव्हता.

‘इदी कथा’नंतर बोलणं वेगळ्याच बाजूने झालं. पगाराच्या वेळी दोन बाजू पडल्या होत्या. माराच्या वेळी त्या राहिल्या नाहीत. एक पदवीधर गृहिणी एवढंच म्हणाली, “आमच्याकडे आवाज बाहेर जाऊ नये म्हणून टीव्ही मोठा करतात.” २००५ चा कौटुंबिक हिंसेविरुद्धचा कायदा मी वस्तीत पन्नास वेळा समजावून सांगितला असेल. त्या फ्लॅटमध्ये तो पहिल्यांदाच विचारला गेला.

पुढे काय झालं तेही सांगते. मैत्रीण धरून त्या इमारतीतल्या तीन घरांनी महिन्याला चार भरपगारी सुट्ट्या आणि दिवाळीला एक महिन्याचा पगार लिहून दिला. उठून गेलेल्या बाईंनी मात्र आठवड्याच्या आत मैत्रिणीच्या बाईंना कामावरून काढलं. त्या तिथेही काम करायच्या. ते काम वस्तीतल्या दोघींना विचारलं गेलं, दोघींनी नकार दिला. त्या घरी अजून बाई मिळालेली नाही, आणि आमच्या बाईंचं एक काम गेलं ते गेलंच. या दोन्ही गोष्टी धरूनच हिशेब मांडावा लागतो. आपल्यासाठी ती एक संध्याकाळ असते. कुणासाठी महिन्याची मिळकत.

म्हणून तुम्ही असं काही करणार असाल, तर आधी घरकामगार बायकांना वेगळं बसवून विचारा: मालकिणींसोबत बघायचं की तुम्ही तुम्हीच? त्या म्हणतील तसं. चित्रपट करणारीची परवानगी घ्या, जमेल ते मानधन पाठवा. फुकट राबायला नको असं आपण शिकवतो, ते तिलाही लागू आहे. चित्रपट दोनच ठेवा, चर्चेला तितकाच वेळ द्या. कुणी हिंसेबद्दल बोललीच, तर दुसऱ्या दिवशी तिला कोण भेटणार हे आधीच ठरवा. त्या गृहिणीला भेटायला मी सोमवारी गेले होते. पुढचं ती ठरवतेय, तिच्या वेगाने.

पुढच्या वेळी ‘तंबाकू’ दाखवायचाय, वस्तीतल्या एका खोलीत. जागा त्या बायकांनीच सुचवली. वेळही त्यांनीच कळवलीय: दुपारी अडीच. संध्याकाळ त्यांना परवडत नाही.