‘हँडल सरळ धर!’
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनातील भाषण)

सोसायटीचा इतिहास सेक्रेटरींनी सांगितलाच आहे. मी बोलणार आहे सायकलबद्दल, कारण एक चूक कबूल करायची आहे.

मे महिन्यात मी नातीला आपल्या आवारात सायकल शिकवत होतो. ‘हँडल सरळ धर!’ असं ओरडत मीच तिचं हँडल घट्ट धरून बाजूने पळत होतो. पाण्याच्या टाकीपाशी वळताना ती पडली. कोपर खरचटलं. चूक तिची नव्हती, माझी होती.

सायकल उजवीकडे कलली की हँडलही उजवीकडेच वळवावं लागतं. मग चाकं कललेल्या अंगाखाली येतात आणि तोल सावरतो. तळहातावर काठी उभी धरताना आपण हात काठीखाली नेतो ना, तसंच. हँडल सरळच आवळून धरलं, तर सायकल पडणारच.

वळताना तर आणखी गंमत. डावीकडे वळायचं असेल तर हँडल आधी क्षणभर, अगदी किंचित, उजवीकडे जातं. चाकं उजवीकडे सरकतात, अंग डावीकडे कलतं आणि मगच हँडल डावीकडे येतं. हे आपण रोज करतो, पण आपल्याला पत्ताही नसतो. विमानवाले राइट बंधू अमेरिकेतल्या डेटन गावचे सायकल-दुकानदार. त्यांतल्या विल्बरने अनेक सायकलस्वारांना विचारलं, डावीकडे कसे वळता? पहिल्याच झटक्यात पूर्ण बरोबर उत्तर एकालाही देता आलं नाही!

वळताना कलावं मात्र लागतंच. ताशी 15 किलोमीटर वेगाने 5 मीटर त्रिज्येचं वळण घेतलं, तर साधारण 20 अंश. त्या वेळी सगळी भिस्त टायरच्या पकडीवर. म्हणून कमिटीला विनंती: दुरुस्तीची उरलेली रेती वळणावर पडू देऊ नका. आणि आईबाबांना, आजी-आजोबांना विनंती: सीट इतकी खाली घ्या की पोराचे पाय जमिनीला टेकतील, धरायचंच तर खांद्याला धरा, हँडलला हात लावू नका.

मी हँडल सोडलं, तेव्हा तिसऱ्या दिवशी नातीने टाकीला पूर्ण चक्कर मारली. मी धापा टाकत मागे होतो. ती ओरडली, “आजोबा, धरलंय ना?” मी म्हटलं, “हो हो!”

हे खोटं मात्र मी कबूल करणार नाही.