पहिल्या गोळीनं अर्धाच गुण आला तर?

२०१५ साली आपल्या जिल्ह्यात प्रेरणा प्रकल्प आला. शेतकऱ्यांच्या घरी जाऊन आशाताई मनाची विचारपूस करू लागल्या. उदासीनता हा आजार आहे, त्यावर गोळ्या आहेत, हे उमरग्याच्या खेड्यापाड्यांतही कळलं.

पण काही बायांना गोळ्या घेऊनही उभारी येत नाही. घरचे म्हणतात, "हिचं आता असंच." तसं नसतं. अमेरिकेत सुमारे ४००० रुग्णांचा मोठा अभ्यास झाला. पहिल्या औषधानं पूर्ण बरे झाले ते साधारण तिघांतले एक. पुढे औषध बदलून किंवा जोडीला दुसरं देऊन आणखी कितीतरी बरे झाले.

जोडीचं औषध कुणाला लागू पडेल, हे आधी सांगणारी रक्ततपासणी अजून नाही. डॉक्टर अंदाज बांधतात तो बराचसा आपल्या सांगण्यावरून. पहिल्या गोळीनं थोडा गुण असेल, तर सहसा तीच ठेवून जोड देतात. काहीच गुण नसेल, तर बहुधा गोळी बदलतात.

म्हणून वहीत लिहा: गोळी किती आठवडे घेतली, किती वेळा चुकली, झोप, भूक, कामात काय फरक पडला, त्रास काय झाला. गुण यायला चार-सहा आठवडे लागतात. थायरॉइड, दिवस गेलेले असणं, अंगावर पाजणं, दुसरी औषधं, हेही सांगा. आपल्या मनानं गोळी बंद करू नका.

जीव नकोसा वाटला तर १४४१६ वर फोन लावा. टेलिमानसची ही सेवा फुकट आहे, रात्रंदिवस चालू असते.