विद्यार्थ्याची मोजपट्टी आणि गावची विहीर

(सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व ग्रामपंचायत अधिकारी यांच्या तालुका मेळाव्यात केलेले भाषण)



आपल्या शिवारात अधूनमधून दोन-तीन तरुण विद्यार्थी येतात. पाठीवर पिशवी, हाती नकाशा, हातोडी आणि मोजपट्टी. ते विहिरीत पट्टी सोडून आकडा टिपतात, ओढ्याचे पाणी बाटलीत भरून घेतात, दरडीतला खडक फोडून त्याचा तुकडा पिशवीत ठेवतात. मग पारावर चर्चा सुरू होते. कुणी म्हणतो, धरण येणार. कुणी म्हणतो, जमीन जाणार. कुणाला वाटते, विहिरीवर कर बसणार. बहुधा यांपैकी काहीच खरे नसते. ही मुले भूविज्ञानाचे किंवा पर्यावरणशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी, अथवा पीएच. डी.साठी संशोधन करणारी असतात. पुणे, नागपूर, अमरावती, नांदेड, जळगाव, कोल्हापूर येथील विद्यापीठांत आणि मुंबईच्या आय. आय. टी.त या विषयांचे अध्यापन व संशोधन चालते. या विद्यार्थ्यांचे आणि आपल्या गावाचे नाते कसे असावे, याविषयी चार शब्द बोलण्याची आज मला आज्ञा झाली आहे.

मी स्वतः कला शाखेचा पदवीधर. तेव्हा शास्त्रातील बारकावे सांगण्याचा माझा अधिकार नाही. परंतु माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम असल्याने एक गोष्ट मला स्पष्ट दिसते. विद्यार्थ्याने मोजलेला आकडा प्रबंधात बंद राहिला, तर गावाचा त्यात काहीच लाभ नाही. आणि गावाला पिढ्यान्पिढ्या ठाऊक असलेली गोष्ट विद्यार्थ्याला कळली नाही, तर प्रबंधही अपुरा राहतो.

महाराष्ट्राची सुमारे ८० टक्के भूमी बेसाल्ट खडकाची, म्हणजे आपल्या काळ्या पाषाणाची आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून तो तयार झाला. विहीर खणणाऱ्यांना हे थर नावानिशी माहीत असतात. वर मुरूम, त्याखाली कोठे सच्छिद्र मांजऱ्या, कोठे घट्ट पाषाण, मध्येच गेरूसारखा तांबडा पट्टा. पाणी राहते ते मुख्यतः मुरमात, मांजऱ्यात आणि भेगांमध्ये. म्हणूनच एका बांधावरची विहीर भरलेली आणि शेजारची कोरडी, असा अनुभव आपल्याला येतो. सत्तरच्या दशकाच्या आरंभी स्थापन झालेली राज्याची भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींतील पातळी वर्षानुवर्षे नोंदवीत आली आहे. तथापि प्रत्येक वाडीचा आणि प्रत्येक ओढ्याचा बारीक तपशील कोणत्याही यंत्रणेला एकटीने गोळा करता येणार नाही. ही उणीव विद्यार्थ्याचे संशोधन काही अंशी भरून काढू शकते.

या मोजमापाचा पंचायतीला उपयोग काय, हे एका ढोबळ हिशेबाने पाहू. समजा, पावसाळ्यात १०० हेक्टर क्षेत्रातील विहिरींची पातळी सरासरी ३ मीटरने वर आली. विहिरीतले पाणी वाढलेले दिसते, पण त्याभोवतीच्या खडकातील रिकामी जागा फार थोडी. आपल्या खडकातून निघू शकणारे पाणी त्याच्या आकारमानाच्या १ ते ३ टक्के एवढेच असते. ते २ टक्के धरले, तर साठा भरला ६०,००० घनमीटर, म्हणजे ६ कोटी लिटर. गावची वस्ती १,००० असेल आणि माणशी रोज ५५ लिटर पाणी द्यावयाचे असेल, तर वर्षाला २ कोटी लिटर त्यातच लागतील. उरले ४ कोटी. गव्हाला सुमारे ४० सेंटिमीटर पाणी धरले, तर एका हेक्टरला ४० लाख लिटर लागतात. म्हणजे या साठ्यावर गहू भिजेल तो अवघा १० हेक्टर! विहिरी तुडुंब भरल्या म्हणून ३० हेक्टर पेरला, तर मार्चमध्ये पिण्याच्या पाण्याचा टँकर मागविण्याची पाळी येते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून पिके ठरविण्याचा पायंडा पाडला, तो याच विचाराने. असा ताळेबंद मांडावयाचा, तर मोजणारे हात हवेत.

पाणी उणे झाले तर टंचाई येते. तेच पाणी डोंगरउतारावरील मातीत अतोनात मुरले, तर जिवावर बेतते. ३० जुलै २०१४ रोजी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ जणांचा बळी गेला. नेहमीच्या फेरीला आलेल्या एस. टी. चालकाला गावच दिसेना, तेव्हा ही वार्ता बाहेर समजली. १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगड जिल्ह्यातील इरशाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. उताराचा कोन, मातीची जाडी, पाण्याच्या वाटा यांचे नकाशे विद्यार्थी तयार करू शकतात. मात्र डोंगरावर पडलेली नवी भेग, कललेले झाड, एकाएकी गढूळ झालेला झरा या खुणा प्रथम दिसतात त्या गुराख्याला आणि लाकूडफाटा आणणाऱ्या भगिनींना. त्यांचे सांगणे विद्यार्थ्याच्या वहीत उतरले पाहिजे.

याकरिता काही साध्या गोष्टी सुचवितो. विद्यार्थी आला की त्याच्या विभागाचे पत्र पाहावे, त्याची पंचायतीत नोंद करावी आणि तो कशासाठी आला आहे हे ग्रामस्थांना सांगावे, म्हणजे अफवांना वाव उरत नाही. विहीरमालकाची संमती विद्यार्थ्याने घ्यावी. पातळी मोजावयाची ती सकाळी मोटार सुरू होण्यापूर्वी आणि प्रत्येक वेळी काठावरील एकाच खुणेपासून; एरवी आकड्यांची तुलना होऊ शकत नाही. शिक्षकांनी शाळेत पर्जन्यमापक ठेवावा. १ मिलिमीटर पाऊस म्हणजे हेक्टरी १०,००० लिटर पाणी, हे गणित फळ्यावर सोडविण्यापेक्षा अंगणात सोडविलेले मुलांच्या अधिक ध्यानात राहील. विद्यार्थी दोन वर्षांनी जाईल. शाळेची नोंदवही मात्र पुढे चालू राहील.

विद्यार्थ्यांचेही एक कर्तव्य आहे. ‘येतात, मोजतात आणि जातात’ ही गावकऱ्यांची तक्रार निराधार नाही. प्रबंध बहुधा इंग्रजीत लिहिला जातो आणि ग्रंथालयाच्या कपाटात जातो. तेव्हा पंचायतीने आरंभीच सांगावे की, काम संपल्यावर दोन पानांचा मराठी गोषवारा आणि एक नकाशा गावाला मिळाला पाहिजे. तो ग्रामसभेत वाचून दाखवावा आणि नकाशा पंचायतीच्या भिंतीवर लावावा.

कधी निष्कर्ष अप्रिय असतील. सार्वजनिक विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड अधिक आढळेल. यवतमाळसारख्या जिल्ह्यांत हा प्रश्न आहेच. फ्लोराइडला रंग नाही, चव नाही. दीर्घकाळ असे पाणी पोटात गेले, तर आधी दात आणि पुढे हाडे बिघडतात. लिटरला १.५ मिलिग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा आहे. कधी वाडीमागचा उतार धोक्याचा ठरेल. गावाची अपकीर्ती होईल म्हणून असा कागद दडपून ठेवू नये. प्रबंध हा शासकीय निर्णय नव्हे. परंतु तो इशारा असतो. पाण्याची प्रयोगशाळेत फेरतपासणी करून घ्यावी. उताराबाबत तहसीलदारांना व भूजल यंत्रणेला लेखी कळवावे आणि कार्यवाहीचा पाठपुरावा करावा.

मित्रहो, विद्यापीठ आणि गाव यांमधील अंतर रस्त्याने फार नाही. आपल्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्याला पंचायतीत बसावयास जागा, पाण्याचा तांब्या आणि आपल्या विहिरींचा खरा इतिहास एवढे द्यावे, आणि त्याच्याकडून मराठीतील दोन पाने हक्काने मागून घ्यावीत. येत्या उन्हाळ्यातील पाण्याचा आणि पावसाळ्यातील सुरक्षिततेचा विचार करताना त्या दोन पानांचा आपल्याला खचितच उपयोग होईल.